मरव्याला पावसाळ्यातून नेताना

रात्री केसांतला गजरा उतरवून ठेवताना मोगरा कडेनं तपकिरी पडलेला असतो. अबोलीला तर मुळातच वास नसतो. तरी गजऱ्याला सुगंध असतो, आणि दोन दिवसांनी तो पार सुकल्यावरही त्यातली एखादी काडी बोटांत चुरली तर सुगंध येतोच. ही करणी मरव्याची. अबोलीच्या केशरी रांगेत हिरवी रेघ शोभते म्हणून मरवा गुंफतात असं पाहणाऱ्याला वाटतं, पण त्या वेणीचा सगळा वास त्यानंच सांभाळलेला असतो.

मोगरा आणि मरवा यांची सुगंधाची रीतच निराळी आहे. मोगऱ्याची कळी उमलू लागली की पाकळीतल्या पेशी सुगंधी द्रव्यं बनवतात आणि बनतील तशी हवेत सोडतात. साठा असा नसतोच. पेशी थकल्या की वास संपला. मरवा मात्र साठवतो. त्याच्या पानाच्या दोन्ही अंगांवर नुसत्या डोळ्यांनी नीट न दिसणाऱ्या तेलाच्या ग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथीवर एक पातळ पापुद्रा असतो आणि त्याखाली तेलाचा थेंब. पान चुरलं, केसांत दाबलं गेलं, वाऱ्यानं घासलं की पापुद्रा फाटतो आणि तेल उडू लागतं. पान वाळलं तरी न फुटलेल्या ग्रंथी तशाच राहतात. झाडानं हे तेल अर्थातच किडींपासून आणि बुरशीपासून बचावासाठी केलेलं असतं.

त्या तेलाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मरव्याच्या ताज्या पानाला जो गोडसर, उबदार वास येतो तो मुख्यतः साबिनीन हायड्रेट नावाच्या द्रव्याचा. पानं वाफेवर ठेवून तेल काढायला गेलं की उष्णतेनं आणि पाण्यानं त्यातलं बरंचसं मोडतं आणि त्याचं टर्पिनेन-४-ऑल होतं. टी-ट्री तेलात मुख्यत्वे असतं तेच हे द्रव्य, वासाला औषधी. म्हणून मरव्याचं बाटलीतलं तेल हुंगून ‘हा तो वास नव्हे’ असं वाटलं तर नाकाचं काही चुकलेलं नसतं. मरव्याचा खरा वास हवा असेल तर पानच हवं, आणि पान हवं तेव्हा हवं असेल तर रोप घरी हवं.

रोप आणताना आधी ते मरव्याचंच आहे ना, हे पाहावं. दवण्याशी त्याची नेहमी गल्लत होते. ज्योतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा सूर्यफुलाच्या कुळातला. त्याची पानं बारीक चिरलेली, चंदेरी. मरवा तुळशीच्या, पुदिन्याच्या कुळातला: खोड चौकोनी आणि काटक, पानं समोरासमोर, एक-दोन सेंटिमीटर लांब, टोकाला बोथट, कडा अखंड, रंग राखाडी हिरवा आणि स्पर्श मखमली. फुलांच्या आधी फांदीच्या टोकाला कळ्यांच्या बारीक हिरव्या गाठी धरतात आणि त्यांतून इवली पांढरी फुलं डोकावतात. त्या गाठी दिसल्या की शंका उरत नाही. उत्तर भारतात मरुआ म्हणून पुष्कळदा सब्जाच्या जातीचं झाड मिळतं. त्याची पानं मोठी, हिरवीगार असतात. आणि अलीकडे नर्सरीत मरव्याच्या जागी ऑरेगॅनो हाती पडण्याचा संभव वाढलाय. दोघे एकाच प्रजातीतले सख्खे भाऊ, दिसायलाही जवळचे. तिथे नाकावर भरवसा ठेवावा. पान चुरल्यावर ओव्यासारखा झणका आला तर तो ऑरेगॅनो, कारण त्यातलं कार्व्हॅक्रॉल ओव्यातल्या थायमॉलचं जवळचं नातलग आहे. मरव्याचा वास झोंबत नाही.

लिनियसनं १७५३ साली या झाडाला ‘ओरिगॅनम मेजोराना’ हे नाव दिलं. जुन्या पुस्तकांत ‘मेजोराना हॉर्टेन्सिस’ असं नाव सापडतं, तेही हेच झाड. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना ही माहिती उपयोगाची आहे, कारण तिथल्या सुपरमार्केटात ‘स्वीट मार्जोरम’ म्हणून भाजीच्या विभागात जी छोटी कुंडी मिळते ती मरव्याचीच. गणपतीच्या पत्रीसाठी ती खुशाल घ्यावी. त्या कुंडीत बहुधा बियांपासून उगवलेली खूप रोपं दाटीवाटीनं असतात. घरी आणल्यावर चार-पाच जुड्या करून वेगवेगळ्या लावल्या तर जगतात, नाहीतर एकमेकांना मारतात. आणि हिमकण पडण्याआधी कुंडी घरात घ्यावी. मरव्याला गोठण सोसत नाही. युरोपात म्हणूनच तो बहुतेक ठिकाणी दरवर्षी नव्यानं पेरतात.

आता त्याच्या मूळ घराकडे वळायला हवं, कारण मरव्याची निगा कशी राखायची हे सगळं त्या घरात दडलेलं आहे. मरवा मूळचा सायप्रस बेटाचा आणि दक्षिण तुर्कस्तानाचा. रोमन कवी व्हर्जिल याच्या ‘ईनिइड’ महाकाव्यात व्हीनस देवी छोट्या अस्केनियसला झोपवून सायप्रसमधल्या इडेलियमच्या राईत नेऊन ठेवते, ती मरव्याच्या सुगंधी फुलांत. त्याच शतकातला कॅटलस आपल्या लग्नगीतात विवाहाच्या देवाला मरव्याची फुलं डोक्याला गुंफायला सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रोमन गीतात आणि आज आपल्याकडेही हे झाड लग्नाच्याच केसांत जातं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण आपल्या मुद्द्याचा आहे तो सायप्रसचा पाऊस. तिथे वर्षाला सरासरी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो पडतो हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा, लख्ख, जवळजवळ पावसाविना. जमीन खडकाळ, चुनखडीची, पाणी क्षणात खाली जाऊ देणारी. मरव्याची सगळी घडण त्या उन्हाळ्यासाठी आहे. पानं लहान, म्हणजे पाणी कमी उडतं. पानांवरची राखाडी लव ऊन परतवते. आपल्याकडे नेमकं उलटं. मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणजे सायप्रसला सबंध वर्षात पडत नाही इतका, आणि तोही गरम हवेत. उन्हापासून बचाव करणारी तीच लव इथे पावसाचं पाणी धरून ठेवते, पानं ओली राहतात, फांद्यांच्या दाटीत बुरशी धरते.

आणि आपल्याला मरवा सर्वांत जास्त हवा असतो तो केव्हा? भाद्रपदात. गणपतीच्या एकवीस पत्रींत मरवा आहे. झाड वर्षभरातल्या सर्वांत अवघड काळातून जात असतं, नेमकं तेव्हाच त्याच्याकडे आपण पानं मागायला जातो. म्हणून माझ्या मते मरवा लावण्यात अवघड असं काही नाही. अवघड आहे ते त्याला जून ते सप्टेंबर पार करून नेणं. ते जमलं की बाकीचं तो स्वतःच पाहतो.

मरवा कशानं मरतो ते आधी बघू. पाण्याअभावी तो क्वचितच मरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते आणि मुळं तिथला प्राणवायू घेतात. त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं घुसमटतात, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानानं सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. घुसमटलेल्या मुळांवर मातीतली बुरशी चाल करते आणि मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही, म्हणून शेंडे माना टाकतात. आणि माना टाकलेलं झाड बघून माणूस काय करतो, तर तांब्याभर पाणी घालतो. मायेनं घातलेलं तेच पाणी त्याला संपवतं. तेव्हा मरवा मलूल दिसला की आधी मातीत बोट घालून पाहावं. माती कोरडी असेल तरच ती तहान. माती ओली असून झाड मलूल असेल तर पाणी बंद करायचं, कुंडी वाऱ्याला ठेवायची आणि अजून टवटवीत असलेल्या शेंड्यांची त्याच दिवशी कलमं करून ठेवायची. कुजलेल्या मुळांचं झाड सहसा परतत नाही, पण शेंड्यातून नवं झाड मिळतं.

म्हणून कुंडी आणि माती यांवर आधी वेळ खर्च करावा. कुंडी मातीची, भाजलेली, आठ ते दहा इंच तोंडाची. तिच्या अंगातूनही पाणी उडतं, प्लॅस्टिकच्या कुंडीतून उडत नाही. भोक मोठं हवं आणि खाली बशी नको. तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर देण्याची आपल्याकडे रीत आहे, पण तिचा निचऱ्याला उपयोग होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडून बसतं. म्हणजे ओलावा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एकच खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती.

मातीत दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग जाड, धुतलेली वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. काळी माती कुंडीत नको. शेतात ती सोनं असली तरी तिची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि हवेची वाट बंद करते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, आणि मरव्याला त्याच्या बेटावरच्या चुनखडीची सवय. तिथे कुंडीमागे चहाचा एक चमचा चुनखडीची भुकटी मिसळली तर मानवते. नर्सरीतलं रोप बहुधा चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात येतं. तो गोळा तसाच कुंडीत बसवला तर भोवतालची माती कितीही भुसभुशीत असो, मुळं त्या गोळ्यातच कोंडलेली राहतात. गोळ्याच्या कडेची माती हलक्या हातानं सोडवून मग रोप लावावं.

खताचा हात आखडताच बरा. महिन्या-दीड महिन्यानं मूठभर गांडूळखत पुरे. जास्त नत्र मिळालं की झाड भराभर वाढतं, पानं मोठी, मऊ, लुसलुशीत होतात आणि त्यांत वास बेताचा असतो. मावाही अशाच कोवळ्या फुटीवर आधी येतो. मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढावा; पुन्हा आला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारावं. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत पानांखाली बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळ्याची, आणि तिलाही हाच उपाय चालतो. केसांत माळायची किंवा खायची पानं असतील तर रासायनिक औषध वापरूच नये.

लागवडीचा आपल्याकडचा खरा मोसम दसऱ्यापासून सुरू होतो. पाऊस गेलेला, ऑक्टोबरचं ऊन उतरू लागलेलं, हवा कोरडी. मरव्याला आपल्या वर्षात सर्वांत घरचे वाटावेत असे दिवस दिवाळीपासून होळीपर्यंतचे. या दिवसांत त्याला निदान पाच-सहा तास सरळ ऊन द्यावं आणि वरची बोटभर माती सुकली की भरपूर पाणी, भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज थोडंथोडं शिंपडणं वाईट. त्यानं वरचा थर कायम ओला राहतो आणि खालची मुळं कोरडी.

बियांपासूनही मरवा होतो. बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये काही हजार मावतात. ते चाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरावं, वर माती घालू नये, घातलीच तर नावाला. फवाऱ्यानं ओलावा राखला तर एक-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. पण पहिला महिनाभर रोपं फार नाजूक असतात, आणि ज्याला एकदोन कुंड्याच हव्यात त्यानं एवढा खटाटोप कशाला करावा? शेजारपाजारी कुणाकडे मरवा असेल तर चार शेंडे मागून आणावेत.

कलमासाठी फूल न आलेला, तीन-चार इंचांचा कोवळा पण काटक शेंडा पेराच्या खाली कापावा. खालच्या निम्म्या भागातली पानं काढावीत, कारण मातीत गेलेली पानं कुजतात. अर्धी वाळू आणि अर्धं कोकोपीट अशा ओलसर मिश्रणात तो खोचून सावलीत ठेवावा. दोन-तीन आठवड्यांत हलकेच ओढून पाहिलं की अडकल्यासारखं वाटतं, मुळं धरली. याहून सोपी रीत दाबकलमाची. कडेची लवचीक फांदी वाकवून मातीला टेकवायची, वर लहानसा दगड ठेवायचा. टेकलेल्या पेरातून आपोआप मुळं फुटतात. मग आईपासून तोडायची. हे काम मरवा कुणी न सांगताही करतो. जुन्या झाडाच्या खालच्या फांद्या उचलून पाहिल्या तर बऱ्याचदा मुळं धरलेली सापडतात.

रोप वीतभर झालं की शेंडे खुडायला सुरुवात करावी. अनेकांना जीव होत नाही, पण न खुडलेला मरवा उंच, विरळ आणि लाकडी होतो. फांदीच्या टोकाचा कोंब ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवून बगलेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. टोक गेलं की ते जागे होतात, आणि पानं समोरासमोर असल्यानं एका खुडीला दोन फांद्या मिळतात. गजऱ्यासाठी रोज दोन काड्या तोडणाऱ्या घरातला मरवा दाट असतो तो यामुळेच. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त छाटू नये, आणि कापताना खाली हिरवी पानं राहतील हे पाहावं. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून फूट येईलच असं नाही.

दिवस मोठे होऊ लागले की कळ्यांच्या गाठी दिसू लागतात. वाळवून ठेवायचा असेल तर हीच वेळ. गाठी धरल्यात पण फुलं उमललेली नाहीत, अशा वेळी सकाळी दव उडून गेल्यावर काड्या कापाव्यात आणि सावलीत, वाऱ्यावर उलट्या टांगाव्यात. उन्हात वाळवू नयेत. ऊन तेल उडवतं. वाळलेली पानं अख्खीच ठेवावीत आणि वापरताना चुरावीत, म्हणजे ग्रंथी तोवर शाबूत राहतात. जर्मनीत हा वाळका मरवा सॉसेजमध्ये आणि बटाट्याच्या पदार्थांत सर्रास घालतात. आपल्याकडे तो स्वयंपाकात शिरला नाही, पण बटाट्याच्या काचऱ्यांवर किंवा टोमॅटोच्या सारात गॅस बंद करताना चिमूटभर टाकून पाहावा. आधी घातला तर वास वाफेबरोबर निघून जातो. कपड्यांच्या कपाटात सुती पुरचुंडीत ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. एखाद्या कुंडीतली फुलं मात्र राहू द्यावीत. बारीक मधमाश्या दिवसभर तिथे असतात.

एप्रिल-मे कोकणपट्टीत आणि पुण्या-नाशकाकडे फारसा जड जात नाही. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२-४५ अंशांवर जातो तेव्हा दुपारची सावली लागतेच; हिरवी जाळी बांधावी किंवा कुंडी पूर्वेला हलवावी. मेच्या अखेरीस सगळ्यांत महत्त्वाचं काम: तीन-चार कलमं करून ठेवायची. पावसाळ्यात जुनं झाड गेलं तर ती हाताशी राहतात.

पहिला मोठा पाऊस पडण्याआधी झाड तिसऱ्या हिश्श्यानं विरळ करावं. आतल्या वाळक्या, एकमेकींत अडकलेल्या काड्या काढाव्यात, म्हणजे मधून वारा खेळतो. मग कुंडी छपराखाली घ्यावी. कुठल्या छपराखाली, हेही पाहावं लागतं. दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत ऊन आतपर्यंत येतं, पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्या-मुंबईत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि त्या गॅलरीत ऊन शिरतच नाही. पावसाळ्यात पूर्वेची किंवा पश्चिमेची कड बरी. कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे भोकाखाली हवा राहते. पाणी आठवड्यातून एकदाही लागेल, दोनदाही लागेल. दरवेळी बोटानं पाहूनच घालावं आणि ते मातीवर, पानांवर नव्हे. उघडीप मिळाली की त्या दिवशी कुंडी बाहेर उन्हात न्यावी. या चार महिन्यांत खत देऊ नये.

गणपतीच्या आदल्या दिवशी, पानं कोरडी असताना, प्रत्येक फांदीच्या टोकाकडच्या दोन-तीन जोड्या पानांचा शेंडा खुडावा आणि खाली निदान तितकीच पानं ठेवावीत. ओल्या कापडात गुंडाळलेले शेंडे दुसऱ्या दिवशीच्या पूजेला ताजे राहतात. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की कुंडी एकदम रणरणत्या उन्हात न ठेवता आठवडाभर सकाळच्या उन्हाची सवय करावी. झाड दोन-तीन वर्षांचं होऊन बुडाशी लाकडी झालं असेल तर मेमध्ये केलेल्या कलमांतलं सर्वांत सशक्त रोप मोठ्या कुंडीत, नव्या मातीत हलवावं, आणि उरलेली मागायला येतील त्यांना द्यावीत.